लहानूभाऊंचा खांदा

लहानूभाऊ, दवाखान्याची खाट तुम्हाला पुरली नाही. पाय बाहेर यायचे म्हणून आम्ही टोकाला बाक लावला, त्यावर घोंगडी टाकली. तापातही त्या बाकाकडे पाहून तुम्ही म्हणालात, "बाई, माह्या बापानं नाव ठेवताना जरा घाईच केली." निमोनियाने दोन्ही फुप्फुसं धरली होती. मध्ये दम घ्यायला थांबावं लागत होतं, तरी वाक्य पुरं केलंत. पेनिसिलीनची सुई मीच देत होते. इतकी वर्षं तुमच्याच दंडावर बोट ठेवून दवाखान्यातल्या शिकाऊ मुलींना दाखवलं, सुई द्यायची जागा ही. खरोखर द्यायची वेळ आली तेव्हा सुईचा काही उपयोग झाला नाही.

तुम्हाला जाऊन आठवडा होत आला. गावात जो भेटतो तो तुमच्या कुस्त्या सांगतो. अमक्या दंगलीत कोणाला कसं उचललं, कोणाच्या पाठीला माती लावली. मी मान डोलावते. खरं सांगायचं तर मी तुमची एकही कुस्ती पाहिली नाही. मी तुम्हाला ओळखते ती तुमच्या उजव्या खांद्यापासून.

मी तेव्हा हिंगणघाटच्या दवाखान्यात नर्स म्हणून नवी होते. तुम्ही दारातून आलात ते डाव्या हातात उजवं कोपर धरून, भरलेली घागर न्यावी तसे जपून. पुलगावच्या दंगलीत खांदा निखळला होता. तिथे चार जण तुमचा हात धरून ओढायला लागले, तेव्हा त्यांना झटकून तुम्ही स्टेशनवर गेलात आणि वर्ध्याला गाडी बदलून तसेच इथवर आलात. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला काय होत असेल याची कल्पना मला नंतर आली. डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "आधी नीट पाहून घ्या." मी पाहिलं. डावा खांदा गोल, भरलेला. उजव्याची गोलाईच गेली होती. वरचं हाड कोपऱ्यासारखं पुढे आलं होतं आणि त्याच्या खाली चक्क खळगा.

साहेबांनी तुम्हाला स्टुलावर बसवलं आणि कुस्तीचंच विचारत बसले. तुम्ही सांगत होतात, ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता तुमचं कोपर अंगाशी धरून हात हळूहळू बाहेर वळवत होते. घाई नाही, झटका नाही. मग हात छातीवरून पलीकडे नेला आणि आतून खट् असा आवाज आला. तुम्ही बोलायचे थांबलात.

"झालं?"

"झालं."

"मंग ते चौघं काऊन ओढून राह्यले होते?"

साहेब मोठ्याने हसले. असे ते क्वचितच हसत. मग त्यांनी तुम्हाला समजावलं, की कमरेच्या सांध्यात मांडीचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो, सहसा निघत नाही. खांद्याला वाटी नाही, नुसती बशी आहे. म्हणून तर हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच घसरतो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतीचे स्नायू आणि दोऱ्यांसारखे बंध. तुमचे पुढचे बंध फाटले आहेत. हात गळ्यात बांधून ठेवायचा, जुळू द्यायचे. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजे बशीतला कांदा." पुढे मुलींना शिकवताना मी तोच शब्द वापरत आले. पुस्तकातला त्यांच्या लक्षात राहत नाही.

हात बांधून ठेवायचा होता, तो तुम्ही ठेवला नाही. फाटलेलं जुळायच्या आत आखाड्यात उतरलात. मग तो खांदा निघतच राहिला. जिनिंग कारखान्यात कापसाचं गच्च भरलेलं बोंद उचलताना निघाला, सदऱ्यात हात घालताना निघाला, एकदा तर झोपेत कूस बदलताना. तुम्ही यायचे, साहेब बसवून द्यायचे, मी गळ्यात पट्टी बांधायची. ओळख अशी वाढली.

वर्गाची कल्पना साहेबांची. दाईपण शिकायला आलेल्या मुलींना हाडं-स्नायू शिकवायचे, तर दवाखान्यात भिंतीवरचं एक फाटकं चित्र सोडून काही नव्हतं. साहेब तुम्हाला म्हणाले, "या मुलींनी स्नायू चित्रातच पाहिलाय. आमच्यापैकी कोणाच्या अंगावर तो दिसत नाही. बाजाराच्या दिवशी येत जा, तासभर बसा." तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. पायाकडे बघत विचारलंत, "साहेब, त्या पोरी मले हात लावतीन?"

त्या प्रश्नाचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकीला कळला होता. तुमचं घर वडनेर गावाच्या कोणत्या टोकाला आहे, हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

साहेब म्हणाले, "हात लावल्याशिवाय शिकता येत नाही. ज्यांना लावायचा नाही त्यांनी बाळंतपणं करू नयेत."

पहिल्याच दिवशी एक मुलगी उठून बाहेर गेली. तुम्ही सदरा उचलायला वाकलात. मी तुमच्या सगळ्यात जवळ उभी होते. खांद्यावरचा तो तिकोनी स्नायू नेमका कुठून सुरू होतो हे मला खरोखरच समजलं नव्हतं, म्हणून मी त्यावर बोट ठेवून साहेबांना विचारलं. तुम्ही तसेच थांबलात. मग सदरा परत खुंटीवर गेला. पुढे एकदा तुम्ही मला म्हणालात की त्या दिवशी मी फार हिंमत केली. मी नाही म्हटलं, तुम्ही ऐकलं नाहीत. हा वाद आपला तसाच राहिला.

ती मुलगी काही दिवसांनी परत आली आणि दाराशी उभी राहिली. तुम्ही कोणाकडे न बघता हात पुढे करून म्हणालात, "ये बाई, हे कोपर पाह्य. इथं ठोकलं की करंगळीपर्यंत मुंग्या येते." तिने ठोकलं. तुम्ही तोंड वाकडं केलंत. सगळ्या हसल्या, तीही हसली.

साहेब निळ्या पेन्सिलीने तुमच्या अंगावर रेघा ओढायचे. फऱ्याचं हाड, मणके, दंडाची बेटकुळी, पोटरी. "हात वर करा," म्हटलं की पाठीवर काय काय सरकतं ते मुली डोळे मोठे करून बघायच्या. एकदा रेघा न पुसताच तुम्ही घरी गेलात. तुमच्या कारभारणीने, भागरताबाईंनी, पाठ पाहिली आणि विचारलं, हे कोणतं गोंदण करून आणलं. तुम्ही त्यांना अंगणात बसवून एकेक स्नायू समजावलात. हे भागरताबाईंनीच मला सांगितलं, तोंडाला पदर लावून.

ऑपरेशनचं बोलणंही त्याच वर्षांत निघालं. साहेब म्हणाले, नागपूरला मोठ्या दवाखान्यात फाटलेले बंध शिवून घट्ट करतात. हात बाहेरच्या बाजूला थोडा कमी वळेल, पण निघणार नाही. तुम्ही म्हणालात, पाहू. मग मी मागे लागले. तुमच्याकडे कारणांचा तोटा नव्हता. कापसाचा हंगाम आहे. होळीची दंगल होऊन जाऊ द्या. पोरीचं लग्न आटोपू द्या. मी म्हणायची, "दर वेळी निघताना आतली बशी झिजते, भाऊ. एक दिवस बसायची नाही." तुम्ही म्हणायचे, "तवा पाहून घेऊ." मला राग यायचा. एकदा पट्टी बांधता बांधता मी इतकी बोलले, की तुम्ही नुसते खाली मान घालून बसलात आणि जाताना म्हणालात, "येतो बाई. रागावू नका."

तुम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात, त्याच्या नंतरच्या कापसाच्या दिवसांतली गोष्ट. गावात काही लोकांना तुमचं ते जाणं खुपलं होतं. मेलेली जनावरं ओढायची नाहीत असं तुमच्या वस्तीने ठरवलं, तेव्हा मोठ्या शेतीवाल्या बापूरावांनी तुम्हाला शेतावर बोलावणं बंद केलं. बापूराव आणि तुम्ही यांच्यात जुनंही एक होतं. त्यांचा वामन पोरवयात कुस्तीच्या नादी लागला, आणि त्याला शिकायचं होतं तुमच्याकडून. "त्याच्या अंगाले अंग लावाचं नाई," असं बापाने पोराला बजावलं. मग वामन दुसऱ्यांशी लढायचा आणि तुम्ही आखाड्याच्या कडेला उभे राहून त्याचे पाय बघायचे. पाय चांगले आहेत पोराचे, असं मला कितीदा सांगितलंत.

त्या दिवशी मी एका बाळंतपणासाठी वडनेरला आले होते. ते उरकून तुमच्या ओसरीवर चहा पीत होते, तेवढ्यात नाल्याकडून आरडाओरडा ऐकू आला. वामनची कापसाची बैलबंडी उतारावर कलंडली होती आणि तो खाली सापडला होता. आपण पोहोचलो तेव्हा लोकांनी बंडी उचलली होती आणि आता वामनला उचलायच्या बेतात होते. मी ओरडून थांबवलं. उजवी मांडी मध्येच वाकली होती, सुजून दुप्पट झाली होती, पाऊल बाहेरच्या बाजूला पडलं होतं. तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता.

मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब, आणि त्याच्या भोवतीचे स्नायू सगळ्यात जोरकस. हाड शाबूत असतं तोवर ते माणसाला पळवतात. हाड तुटलं की तेच स्नायू आखडतात आणि तुटलेली टोकं एकमेकांवर चढवतात. टोक रक्ताच्या नळीत घुसलं तर माणूस वाटेतच जातो. मी तिथे उभी राहून सांगितलं की कोणीतरी पाय सरळ ओढून धरायला हवा, आणि एकदा धरला की हिंगणघाट येईपर्यंत सोडायचा नाही. एकाने धरला. वामन किंचाळला तसा त्याने सोडून दिला. दुसरा पुढे यायला तयार नव्हता. हिंगणघाटची सर्व्हिस मोटर सकाळीच निघून गेली होती.

तुम्ही बापूरावांकडे पाहिलंत. ते वामनच्या पायाकडे बघत राहिले. हो नाही, नाही नाही. तुम्ही खाली बसून वामनची टाच एका हातात, पाऊल दुसऱ्या हातात घेतलंत.

"वामन, तुले वरडाचं तितकं वरड. म्या सोडणार नाई."

मग तुम्ही ओढलंत, मी सांगितलं तसं, सरळ रेषेत, हळूहळू. मांडीचा वाक निघत गेला. वामनचा आवाज कण्हण्यावर आला. बंडीच्या फळ्या काढून मी काखेपासून घोट्यापर्यंत बांधल्या, दोन्ही पाय एकत्र बांधले. पण नुसत्या फळ्या त्या मांडीला पुरणाऱ्या नव्हत्या, ओढ धरूनच ठेवावी लागणार होती. बंडीत सांडलेला कापूस पुन्हा भरला, त्यावर वामनला ठेवलं, आणि तुम्ही त्याच्या पायाशी बसलात, टाच न सोडता.

त्या रस्त्याचा एकेक खड्डा मला पाठ आहे. बैल चालीने चालवायचे, धक्का बसू द्यायचा नाही, म्हणजे दुपार रस्त्यातच जाणार. बापूराव बंडीमागे पायी चालत होते. मी वामनच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवत होते, नाडी बघत होते. अर्ध्या वाटेवर एका उतारात बंडी तिरकी झाली आणि मी तुमच्याकडे पाहिलं. चेहरा घामाने निथळत होता, ओठ पांढरे पडले होते, आणि उजव्या खांद्याची गोलाई गेली होती. मी तो खळगा सदऱ्यातूनही ओळखला.

"भाऊ," मी म्हटलं.

तुम्ही मानेनेच नको म्हणालात. मग अगदी हळू, "बोलू नका. त्याले समजलं तं त्याचा धीर सुटन."

"द्या, मी धरते."

"तुमच्यानं होणार नाई, बाई. तुमी त्याचं तोंड पुसा."

ओढ सगळी डाव्या हातावर आली. तुम्ही पाय बंडीच्या आडव्या लाकडाला टेकवले आणि पाठीने मागे रेलायचा प्रयत्न केलात, पण मागे टेकायला काही नव्हतं. शरीर थरथरायला लागलं होतं. ते मागून चालणाऱ्या बापूरावांना दिसलं. ते पुढे आले, चालत्या बंडीत चढले, तुमच्याकडे पाठ करून बसले आणि त्यांनी आपली पाठ तुमच्या पाठीला लावली. तुम्ही त्या पाठीवर रेललात. पुढचा सगळा रस्ता तुम्ही दोघं तसेच बसून होतात, एकाचं तोंड वामनकडे, एकाचं वडनेरकडे.

दवाखान्यात साहेबांनी आधी वामनचा पाय लोखंडी कडीच्या लांब चौकटीत घेतला. तो नीट बांधला गेल्यावरच तुम्ही टाच सोडलीत. बोटं उघडेनात, मी एकेक उघडली. मग तुमचा खांदा. या वेळी गप्पा मारत वळवून तो बसला नाही. इतका वेळ बाहेर राहून सगळं आखडलं होतं. साहेबांनी बूट काढून तुमच्या काखेत टाच लावली आणि हात ओढला. तुम्ही आवाज केला नाहीत. डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं.

वामन त्या खाटेवर थंडीभर पडून होता, पायाला वजन लटकवून. हाड जुळलं. दोन्ही पाय सारखे भरले, साहेबांनी फीत लावून पाहिलं तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होतात. आखडलेला गुडघा मोकळा करायला त्याला दुखायचं, तो टाळायचा. तुम्ही गळ्यात हात बांधलेलेच यायचे आणि खाटेशी बसून म्हणायचे, "वाकव. आनखी. रड, पण वाकव." बापूराव एकदा तुमच्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "पोराचा पाय वाचला." तुम्ही म्हणालात, "वजन मस्त हाय तुमच्या पोराचं." तुम्ही दोघंही हसला नाहीत. पण त्या हंगामापासून त्यांच्या शेतावरचं बोलावणं पुन्हा यायला लागलं, आणि तुम्ही काही दिवस जाऊन पाहिलंत आणि मग गेला नाहीत. जिनिंगचं काम बरं, म्हणालात. मला ते आवडलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर तुम्ही आखाड्यात उतरला नाहीत. खांदा आता उतरूच देत नव्हता. मला वाटायचं, आता तरी नागपूरला जातील. कुस्ती गेलीच आहे, निदान झोप तरी सुखाची लागेल. मी पुन्हा बोलून पाहिलं. तुम्ही म्हणालात, "आता कायले, बाई? आता कोणाशी लढाचं हाय?" तुमच्यापुरता तो वाद मिटला असेल. मी मनात तुमच्याशी भांडतच होते. परवा वडनेरच्या वाटेवरही भांडत होते.

परवा तुमच्या घरी गेले. भागरताबाई ओसरीवर बसल्या होत्या. वामन अंगणात लाकडं फोडून रचत होता. तुम्हाला नेताना तो खांदेकऱ्यांत होता, ओढ्यापर्यंत त्याने कोणाला बदली येऊ दिलं नाही, असं शेजारच्या बाईने सांगितलं. मला पाहून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, नमस्कार केला आणि पुन्हा उचलली.

मी त्यांच्याशेजारी टेकले. मग मी म्हटलं, ते ऑपरेशन करून घेतलं असतं तर शेवटची वर्षं तरी बिनदुखण्याची गेली असती. मी किती मागे लागले होते. बोलता बोलता माझा आवाज चढला असावा, कारण भागरताबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"त्याइले भेव वाटे, बाई."

मला आधी कळलंच नाही. कशाचं, मी विचारलं.

"ते बेशुद्ध कराची दवा नसते का. त्याचं. मले म्हणत, भागरते, एवढा वेळ म्या कुठं राहीन? अन् उठलोच नाई तं?" त्या थोडं हसल्या. "मले म्हणत, बाईले सांगजो नको. बाईले वाटते म्या कशालेच भेत नाई."

लहानूभाऊ, मी तुम्हाला बंध समजावले, बशी समजावली, झीज समजावली. शिवलेला बंध कसा धरतो ते कागदावर काढून दाखवलं. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत आणि प्रत्येक वेळी हंगामाचं, होळीचं, लग्नाचं कारण पुढे केलंत. दुखण्याला तुम्ही भ्यायला नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे मीही दुसरं काही विचारलं नाही.

मी आले असते ना नागपूरला. साहेबांनी रजा दिली असती. तुमच्या उशाशी स्टूल घेऊन बसले असते, डावा हात धरला असता, डोळे मिटेपर्यंत तुमच्याशी बोलत राहिले असते. वामनच्या पायांचं बोललो असतो, नाहीतर कशाचंही. आणि तुम्ही डोळे उघडले असतेत तेव्हा तिथेच असते. भीती वाटते, एवढंच सांगायचं होतंत, भाऊ.